शनी आणि त्याची कडी: वाचकांचे प्रश्न

शनीविषयीच्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: दुर्बीण घेतली, शनी सापडलाही, पण जो पाहायचा होता तो काही दिसला नाही. यात दुर्बिणीचा दोष क्वचितच असतो. चुकीचा आयपीस (डोळा लावायची भिंगनळी), अर्धवट फोकस, तापलेली हवा आणि घाई, बहुतेक वेळा यांपैकीच काहीतरी आड येते.

प्रश्न: माझ्या दुर्बिणीचे भिंग ७० मिमी आणि नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) ९०० मिमी आहे. खोक्यावर ‘६७५ पट’ असे छापले आहे. सोबत २५, १० आणि ४ मिमीचे आयपीस व ३ पटीची बार्लो (वर्धन वाढवणारे जोडभिंग) मिळाली. सगळ्यात मोठे दिसावे म्हणून ४ मिमी आणि बार्लो एकत्र लावले, तर नुसता मळकट, थरथरता डाग दिसतो. दुर्बीण खराब आहे का?

दुर्बीण ठीक असावी. खोक्यावरचा आकडा मात्र विसरून जा. वर्धन काढताना दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागायचे. ९०० भागिले ४ म्हणजे २२५, त्याला बार्लोच्या ३ ने गुणले की ६७५. गणितात चूक नाही, पण ७० मिमीचे भिंग जेवढा प्रकाश आणि जेवढा तपशील गोळा करते तेवढाच पुढे ताणला जातो. ६७५ पटीला आयपीसमधून डोळ्यात शिरणारा झोत जेमतेम ०.१ मिमी जाडीचा उरतो. चित्र काळवंडते, त्यात हवेचा आणि स्टँडचा प्रत्येक हेलकावा तेवढाच मोठा होतो.

ठोकताळा सोपा आहे. भिंगाचा किंवा आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि दुप्पट करा. ती वर्धनाची वरची हद्द, तीही हवा उत्तम असेल तर. तुमच्यासाठी १४०.

तेव्हा बार्लो आणि ४ मिमीचा आयपीस बाजूला ठेवा. २५ मिमीने ३६ पट मिळते. हा शनी शोधायचा आयपीस. कडी उघडी असताना एवढ्यातही ती दिसतात. सापडलेला शनी मधोमध आणून १० मिमी लावा, ९० पट. तुमच्या दुर्बिणीची खरी मजा इथे आहे. पुढे एकच आयपीस विकत घ्यायचा असेल तर ७ मिमीच्या आसपासचा चांगला प्लॉसल घ्या, साधारण १३० पट मिळेल. अशा छोट्या प्लॉसलला डोळा अगदी चिकटवावा लागतो, त्यामुळे चष्मा काढूनच पाहा. जवळचा-लांबचा नंबर फोकसने भरून निघतो, सिलिंड्रिकल नंबर तेवढा निघत नाही.

आणि ‘किती लहान दिसतो!’ असे वाटले तर हा हिशेब करून पाहा. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे शनी आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना, त्याचा गोल सुमारे २० आर्कसेकंदांचा (अंशाचे ३,६०० भाग केले की एक आर्कसेकंद) असतो. ९० पटीला तो १,८०० आर्कसेकंद, म्हणजे अर्धा अंश झाला. नुसत्या डोळ्यांना पौर्णिमेचा चंद्र एवढाच दिसतो. काळ्या रिकाम्या वर्तुळात शेजारी तुलनेला काहीच नसते म्हणून तो ठिपक्याएवढा भासतो. पाच-दहा मिनिटे डोळा तिथेच ठेवला की तो ‘मोठा’ व्हायला लागतो.

प्रश्न: मला गोल तेजस्वी चकती दिसते आणि तिच्या मधोमध काळे भोक. हीच कडी ना?

नाही. ही परावर्तक, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीतली नेहमीची फसगत आहे. फोकस सुटलेला असला की कोणताही तारा किंवा ग्रह असाच दिसतो. मधले काळे भोक म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवलेल्या छोट्या आरशाची सावली. नीट पाहिले तर तो आरसा धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या रेघाही दिसतात.

तपासायला फोकसचा नॉब किंचित फिरवा. चकती लहान होत असेल तर त्याच दिशेने फिरवत राहा, मोठी होत असेल तर उलट. लहान होत होत भोक मिटते, चकती आक्रसते आणि अचानक त्यातून शनी निघतो: फिकट पिवळा लंबगोल, दोन्ही बाजूंना कडी. योग्य जागेच्या थोडे पुढे जा, थोडे मागे या आणि मध्ये थांबा. नॉब सोडल्यावर दुर्बीण दोन-तीन सेकंद हलते; ती थांबल्यावरच फोकस जमला की नाही ते ठरवा. हात नॉबवर असताना ठरवलेला फोकस सहसा चुकतो. सुरुवातीला जवळच्या ठळक ताऱ्यावर फोकस करून मग शनीकडे वळणे सोपे जाते, कारण तारा कधी बारीकात बारीक होतो ते लगेच कळते.

त्या चकतीचा आणखी एक उपयोग आहे. ठळक तारा मधोमध ठेवून फोकस मुद्दाम किंचित बिघडवा. काळे भोक चकतीच्या बरोबर मध्ये असेल तर आरसे जुळलेले आहेत. ते एका बाजूला सरकलेले असेल तर कोलिमेशन (आरशांची जुळणी) बिघडले आहे. मुख्य आरशामागचे स्क्रू अगदी पाव-पाव फेरा फिरवा आणि दर वेळी तारा पुन्हा मध्ये आणून पाहा.

प्रश्न: फाइंडरमध्ये (नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीत) शनी मधोमध दिसतो, पण दुर्बिणीत काळोख. आणि कधी सापडलाच तर मिनिटभरात निसटतो.

फाइंडर आणि दुर्बीण एकाच दिशेला पाहत नाहीत. हे काम रात्री करू नका. दिवसाउजेडी, सूर्य पाठीशी ठेवून, निदान एक किलोमीटर दूरची एखादी स्थिर गोष्ट निवडा: मनोऱ्याचे टोक, खांबाचा शेंडा. २५ मिमी आयपीसमध्ये ते टोक बरोबर मध्ये आणा, माउंट (दुर्बिणीची बैठक) आवळा आणि मग फाइंडरचे स्क्रू फिरवून त्याची फुली त्याच टोकावर आणा. नंतर १० मिमी लावून पुन्हा तपासा. जवळची वस्तू घेतली तर फाइंडर आणि नळी यांच्यातल्या काही सेंटिमीटर अंतरामुळेच जुळणी चुकते. हे करताना दुर्बीण किंवा फाइंडर चुकूनही सूर्याकडे वळू देऊ नका. आयपीसला लावायचा काळा ‘सन’ फिल्टर दुर्बिणीसोबत आला असेल तर तो फेकून द्या. तो उष्णतेने तडकतो, आणि तडकला की डोळा जातो.

शनीचे निसटणे हा पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम. आकाश मिनिटाला पाव अंश सरकते. १५० पटीला साध्या आयपीसमध्ये आकाशाचा जेमतेम एक तृतीयांश अंश दिसतो, म्हणजे शनी ऐंशीएक सेकंदांत आरपार जाणार. त्याचा पाठलाग करू नका. तो ज्या बाजूने आत येतो त्या कडेला आणून ठेवा, हात काढा, हेलकावे थांबू द्या आणि उरलेला मिनिटभर शांतपणे पाहा. विषुववृत्तीय माउंट असेल तर त्याचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखा, अक्षाचा कोन आपल्या अक्षांशाएवढा ठेवा. मग एकच नॉब हळूहळू फिरवत राहिले की पुरते.

प्रश्न: चित्रांत कडी रुंद आणि उघडी असतात. मला मात्र गोलाला आरपार टोचलेल्या सुईसारखी रेघ दिसली. असे का?

तुम्ही कडी जवळजवळ कडेवरून पाहिलीत. शनीचा अक्ष २६.७ अंशांनी कललेला आहे आणि तो सूर्याभोवती साडेएकोणतीस वर्षांत एक फेरी मारतो. त्या फेरीत कधी कड्यांची उत्तर बाजू आपल्याकडे झुकते, कधी दक्षिण, आणि मधे दोनदा कडी नेमकी कडेवर येतात. त्यांचा विस्तार टोकापासून टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटरच्या घरात, पण जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच. म्हणून कडेवर आली की लहान दुर्बिणीतून ती नाहीशी होतात. १६१० मध्ये गॅलिलिओला शनीच्या दोन बाजूंना दोन गोळे दिसले होते. १६१२ मध्ये ते गायब झाले तेव्हा तो चक्रावून गेला. हे सपाट कडे आहे असा उलगडा ख्रिस्तिआन हायगेन्सने १६५९ मध्ये केला.

अलीकडे २३ मार्च २०२५ रोजी पृथ्वीने कड्यांची पातळी ओलांडली. तेव्हा शनी सूर्याच्या फार जवळ असल्याने तो प्रसंग नीट पाहता आला नाही, पण त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस कल पुन्हा अर्ध्या अंशाहून कमी झाला होता. आता कडी दक्षिण बाजूने उघडत आहेत. ४ ऑक्टोबर २०२६ च्या प्रतियुतीला कल सात-आठ अंशांचा, १८ ऑक्टोबर २०२७ च्या प्रतियुतीला तेराच्या आसपास, २०२८ अखेर सुमारे अठरा. २०३२ मध्ये कडी पुरती उघडतील, इतकी की त्यांची कड शनीच्या ध्रुवांच्याही किंचित बाहेर दिसेल. त्यानंतर ती पुन्हा मिटत जाऊन २०३८-३९ मध्ये कडेवर येतील.

अरुंद कड्यांची वर्षे वाया गेली असे मात्र समजू नका. कड्यांचा झगमगाट कमी असतो तेव्हा गोलावरचे फिकट पट्टे, कड्यांची गोलावर पडलेली बारीक काळी सावली आणि ग्रहाला खेटून असलेले अंधुक चंद्र अधिक सहज दिसतात.

प्रश्न: कॅसिनीची फट पाहायला किती मोठी दुर्बीण लागते?

बाहेरचे ‘ए’ कडे आणि आतले, जास्त उजळ ‘बी’ कडे यांच्यामधली ही काळी पट्टी जिओव्हान्नी कॅसिनीने १६७५ मध्ये पाहिली. ती सुमारे ४,७०० किलोमीटर रुंद आहे. प्रतियुतीला आपल्याला पाऊण आर्कसेकंदाची दिसते. ७० मिमी भिंग दोन जवळचे तारे वेगळे दाखवू शकते ते साधारण १.६५ आर्कसेकंदांपर्यंत. या हिशेबाने फट त्याच्या आवाक्याबाहेर. तरीही कडी पुरेशी उघडी असताना ७५-८० मिमीच्या चांगल्या दुर्बिणींतून ती दिसते, कारण ती ठिपका नसून उजळ पार्श्वभूमीवरची लांब काळी रेघ आहे. दूरच्या खांबांमधली विजेची तार आकाशासमोर दिसते, पण तेवढ्याच जाडीचा खिळा दिसत नाही, तसेच हे.

शोधायची ती कड्याच्या दोन टोकांना, जिथे कडे वळते. तिथे फट पूर्ण रुंदीने समोर येते. गोलाच्या पुढे ती कलामुळे चेपली जाते. २०२६ मध्ये कल इतका कमी आहे की १५० मिमीच्या दुर्बिणीलाही ती फक्त टोकांना, तीही शांत रात्रीच दिसेल. ७० मिमीवाल्यांनी २०२८ नंतर मनापासून प्रयत्न करावा.

वर्धन १२० ते २०० ठेवा आणि आयपीससमोर निदान वीस मिनिटे बसा. बसा हे महत्त्वाचे. वाकून उभे राहिले की मान अवघडते आणि डोळा हलतो. सुरुवातीला कड्याची कड उकळत्या पाण्याच्या काठासारखी वळवळत असते. मग एखादा क्षण येतो, सगळे थांबते, टोकापाशी टोकदार पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी कमान उमटते आणि पुन्हा विरघळते. असे क्षण मिनिटाला एखाद-दुसरे मिळाले तरी रात्र चांगली म्हणायची. फट दिसली असे वाटले की दुसऱ्या टोकाला पाहा. दोन्हीकडे सारखी दिसली तर ती खरी.

गोलाला खेटून कड्याचा एक तुकडा कापल्यासारखा दिसला तर ती फट नव्हे, शनीची स्वतःच्या कड्यावर पडलेली सावली आहे. प्रतियुतीच्या आधी ती पश्चिमेकडे असते, नंतर पूर्वेकडे. ऐन प्रतियुतीला सावली गोलाच्या मागे दडते आणि त्या दोन-चार रात्री कडी नेहमीपेक्षा स्पष्ट उजळतात. हे उजळणे पाहायचे तर प्रतियुतीच्या आठवडाभर आधीपासून रोज पाहा. एकाच रात्री पाहून ते कळत नाही.

प्रश्न: १५० मिमीची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आहे, आरसे जुळलेले आहेत, तरी शनी पाण्याखाली असल्यासारखा हलतो. मित्राच्या ८० मिमीच्या दुर्बिणीतून जास्त स्पष्ट दिसतो.

आरसा गरम आहे. घरातून बाहेर आणलेला १५० मिमीचा आरसा बाहेरच्या हवेएवढा थंड व्हायला पाऊण ते एक तास घेतो. तोवर त्याच्यावरून गरम हवेचे लोट नळीतून वर जात राहतात. ८० मिमीच्या भिंगाला पंधरा-वीस मिनिटे पुरतात, म्हणून सुरुवातीला मित्र पुढे. दुर्बीण अंधार पडतानाच बाहेर ठेवा, झाकण काढून, नळी आडवी करून. थंड झाली की नाही हे फोकस बिघडवलेल्या ताऱ्यात कळते: चकतीतून धुरासारखे काहीतरी संथ वर सरकताना दिसले तर अजून थांबा.

दुसरे, कशावरून पाहता? दिवसभर तापलेली गच्ची, पत्र्याचे छत, डांबरी रस्ता, एसीचे बाहेरचे युनिट, यांच्यावरून जाणारी नजर म्हणजे तव्यावरच्या हवेतून पाहणे. माती किंवा गवत बरे. गच्चीच पर्याय असेल तर मध्यरात्रीनंतर पाहा.

तिसरे, शनीची उंची. क्षितिजापासून ३० अंशांवर असलेल्या ग्रहाचा प्रकाश डोक्यावरच्या ग्रहाच्या मानाने दुप्पट हवेतून येतो. त्याखाली शनी असेल तर जास्त वर्धनाचा आयपीस लावण्यात अर्थ नाही. खालच्या उंचीला शनीच्या क्षितिजाकडच्या कडेला लाल आणि वरच्या कडेला निळी झालर दिसते. काही जण त्यासाठी भिंगाला दोष देतात, पण इथे हवाच लोलकाचे काम करते. शनी याम्योत्तरावर, म्हणजे त्या रात्रीच्या सर्वात वरच्या जागी येईल त्याच्या आगेमागे तास-दीड तास पाहा.

एवढे करूनही तारे जोरात लुकलुकत असतील तर वरची हवाच अशांत आहे. तिथे काही चालत नाही. वर्धन ८०-१०० वर आणा आणि शनीचे चंद्र शोधा. काळेभोर, लखलखीत, वाऱ्याने धुतलेले आकाश ग्रहांसाठी बहुधा वाईट असते, आणि किंचित धुरकट, स्तब्ध रात्र उत्तम निघते. ‘आज धुरकट आहे’ म्हणून दुर्बीण बाहेरच न काढणे ही अनुभवी माणसांचीही चूक होते.

प्रश्न: शहराच्या दिव्यांत किंवा पौर्णिमेला शनी पाहता येतो का? खिडकीतून?

दिव्यांत आणि पौर्णिमेला बेलाशक. शनी पुरेसा तेजस्वी आहे, फक्त अंधुक चंद्र हरवतील. बंद खिडकीतून मात्र नको. तावदानाची काच दुर्बिणीच्या भिंगाइतकी सपाट नसते. उघड्या खिडकीतूनही खोलीची गरम हवा बाहेर वाहत असते आणि चित्र हलते.

प्रश्न: शनीशेजारी एक तारा रोज जागा बदलतो. तो टायटन असेल का? बाकीचे चंद्र कसे ओळखायचे?

बहुधा टायटनच. तो साडेआठ प्रतीच्या आसपास आहे (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप; आकडा मोठा तितका ठिपका मंद), ७० मिमीतून सहज दिसतो आणि जवळजवळ १६ दिवसांत फेरी पूर्ण करतो. कड्यांच्या पूर्ण रुंदीला एकक धरा. टायटन शनीच्या मध्यापासून जास्तीत जास्त साडेचार रुंदी दूर जातो. आज एका टोकाला असेल तर आठ दिवसांनी दुसऱ्या टोकाला. १६५५ मध्ये हायगेन्सने त्याला असाच रात्रीमागून रात्र पाहून पकडला.

ऱ्हिया ९.७ प्रतीचा, साडेचार दिवसांचा. ८०-१०० मिमी दुर्बिणीत दिसतो. टेथिस आणि डायोनी दहाव्या प्रतीच्या थोडे पलीकडे, शनीच्या झगमगाटाला चिकटून. त्यांना १०० ते १५० मिमी हवे. शनीला आयपीसच्या कडेबाहेर ढकलले की हे दोघे चटकन उठून दिसतात.

दिशा मात्र आधी पक्की करा, नाहीतर पंचांगातल्या आकृतीशी मेळ बसणार नाही. न्यूटोनियनमध्ये चित्र पूर्ण उलटे असते, डायगोनल (नजर काटकोनात वळवणारा आरसा) लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत डावे-उजवे बदललेले. दुर्बीण स्थिर ठेवा: शनी ज्या कडेकडे सरकत जातो ती पश्चिम. वहीत वर्तुळ काढा, कडी आडवी रेघ म्हणून दाखवा, चंद्रांचे ठिपके कड्यांच्या रुंदीच्या मापाने मांडा, वेळ लिहा. दोन रात्रींनी पुन्हा काढा. मागचे तारे दोन्ही चित्रांत आपसांत तेवढ्याच अंतरावर राहतात आणि सगळे मिळून एका बाजूला सरकतात, चंद्र मात्र त्यांच्यातून सुटून भलतीकडे गेलेला असतो.

या वहीचा सर्वात चांगला उपयोग आयापेटससाठी होतो. तो ७९ दिवसांत फिरतो आणि कड्यांच्या तेरा रुंदींइतका लांब जातो. शनीच्या पश्चिमेला असताना तो दहाव्या प्रतीच्या जवळ असतो, पूर्वेला गेला की बाराव्याकडे मंदावतो, कारण त्याचा एक अर्धा भाग कोळशासारखा काळा आणि दुसरा बर्फासारखा उजळ आहे. कॅसिनीला १६७१ मध्ये तो पश्चिमेलाच सापडला आणि पूर्वेला हरवला. १०० मिमीच्या दुर्बिणीने पश्चिमेकडच्या टोकाच्या आगेमागे आठवडाभर नोंदी ठेवा, आणि चाळीस दिवसांनी तीच दुर्बीण घेऊन पूर्वेकडे त्याला शोधून पाहा.

प्रश्न: मोबाइलवर फोटो घेतला की शनी नुसता पांढरा ठिपका येतो.

कॅमेरा सगळे काळे आकाश धरून उजेड ठरवतो आणि शनी भाजून निघतो. मोबाइल आयपीसला ॲडाप्टरने घट्ट बसवा, पडद्यावर शनीवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा आणि उजेडाची पट्टी खाली ओढत न्या, गोल आणि कडी वेगळी दिसेपर्यंत. पडद्यावर चित्र जरा काळपट वाटले पाहिजे. फोटो काढू नका, ६० ते ९० सेकंदांचा व्हिडिओ घ्या. सेकंदाला ३० चौकटी धरल्या तर १,८०० ते २,७०० चित्रे हातात येतात. ऑटोस्टॅकर्टसारखा मोफत प्रोग्राम त्यांतली स्थिर चित्रे निवडून एकावर एक रचतो; त्यांतली सर्वोत्तम वीस-पंचवीस टक्केच ठेवा, मग रेजिस्टॅक्समध्ये धार वाढवा. धार वाढवताना कड्याभोवती दुसरी खोटी कड उमटायला लागली की दोन पावले मागे या.

प्रश्न: तासाभराने शनी अंधुक होत गेला. ढग नव्हते.

भिंगावर दव पडले. पुसू नका, ओल्या भिंगावर धूळ घासली जाते आणि लेप कायमचा खरवडतो. भिंगाच्या व्यासाच्या दीडपट लांबीची काळ्या जाड कागदाची नळी तोंडाशी गुंडाळा, पुष्कळदा तेवढ्याने भागते. पडलेच तर हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून द्या. घरात आणल्यावर झाकण लगेच लावू नका, भिंग आपोआप वाळू द्या; ओलसर भिंग बंद राहिले की त्यावर बुरशी धरते.